दुसरा दोर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात ठरत नाही. पडद्यांच्या रंगावरून आमच्याकडे महिनाभर खलबतं चालली आणि शेवटी पडदे घेतलेच नाहीत. त्यामुळे जेवता जेवता नवऱ्याने "ताईकडे जाऊन येऊ या का, बोक्याला घेऊन?" असं विचारलं आणि सासूबाई ताटातून वर न बघता "जा की" म्हणाल्या, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

ताई म्हणजे माझी नणंद. राहते पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. एक लांबलचक विमान, मग वाटेत ताटकळणं, मग दुसरं लांबलचक विमान. तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो. तिला मूलबाळ नाही, आणि बोक्याला तिने अजून फोनच्या काचेतूनच पाहिलंय. बोका म्हणजे आमचा मुलगा, नुकतेच खालचे दोन दात आलेला. नाव चांगलं भारदस्त ठेवलंय, पण दूध पिताना डोळे मिटून असा काही घुरघुरतो की बोका पडलं ते पडलंच.

आणि सासूबाई कशा, तर खिडकी बोटभर उघडी राहिली तरी "लेकराच्या कानात वारं जाईल" म्हणून उठणाऱ्या. मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्यायचं म्हटलं तर टोपी, मोजे, वर दुपटं, आणि परत आल्यावर माझी उलटतपासणी. त्याच बाई एवढ्याशा जिवाला ढगांच्या वर पाठवायला एका शब्दात तयार?

"तुम्हाला भीती नाही वाटत, आई?" मी विचारलं.

"कसली भीती? विमान काय तू चालवणार आहेस?"

नवरा हसला. मी हसले नाही.

जायचं मलाही होतं. खोटं कशाला बोलू? बाळंतपणानंतर माझं जग म्हणजे कामाची जागा, जिना आणि बोक्याचा पाळणा. समुद्र बघायचा होता, बोक्याचे तळवे ओल्या वाळूत टेकवायचे होते, आणि तिघांनी जायचं होतं. तिघांनी, हे महत्त्वाचं. कारण माझ्या रजेचा अजून पत्ता नव्हता.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक रुग्णाच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या घडवतो. आमच्या मालकांना सगळे पाठीमागे बत्तीशी म्हणतात. मी रजेचं काढलं की बत्तीशी चष्मा पुसायला घेतात. "बघू," म्हणतात. बाळंतपणाची एवढी रजा झाल्यावर लगेच दुसरी मागताना माझीही जीभ अडखळते. आता अर्धा दिवस कामाला जाते, तेवढा वेळ बोका आजीजवळ.

मी घरी राहिले तर बोकाही राहणार, हे मी गृहीतच धरलं होतं. तो माझ्याच अंगावर पितो. बाटली दाखवली की तोंड असं फिरवतो जणू कुणी शिवी दिली. मी कामाला जाताना वाटीत काढून ठेवते, ते सासूबाई चमच्याने भरवतात. त्यातलं निम्मं त्याच्या मानेवरून ओघळतं. मी परत येते तेव्हा खालच्या मजल्यावरूनच त्याचं भोकाड ऐकू येतं, आणि पायऱ्या चढता चढताच माझा सदरा ओला होतो.

तयारी जोरात सुरू झाली. विमानात पुढच्या रांगेत बाळाचं टोपलं लावतात म्हणे, ते मागायचं. विमान वर चढताना कान दुखतात, तेव्हा बाळाला पाजत राहायचं. लंगोट किती, कपडे किती, माझ्या अंगावर सांडेल म्हणून माझे किती. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीची आधी मापं लागतात. त्याने टोपल्याची लांबी विचारून घेतली आणि बोक्याला जमिनीवर आडवा करून टेपने मोजला. बोक्याने टेपचं टोक तोंडात घातलं.

"बसतोय," नवरा म्हणाला. "पण पाय दुमडून."

"चढताना पाजायला मी खिडकीशी बसेन," मी म्हणाले.

नवऱ्याने आईकडे पाहिलं. आईंनी बोक्याच्या टोपीचा बंद सोडून पुन्हा बांधला. इतकंच झालं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याची नजर कुठे जाते आणि का जाते, हे बायकोला सांगावं लागत नाही.

त्यानंतर एक दिवस जिन्यात भोकाड ऐकू आलं नाही. मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. बोका सतरंजीवर पालथा पडून स्वतःच्या मुठीशी गप्पा मारत होता. मी त्याला उचलून घेतलं, जवळ धरलं. त्याने दोन घोट घेतले, सोडलं, आणि माझ्याकडे बघून हसला. पाहुण्याकडे बघून हसतात तसं.

"आज शहाण्यासारखा चमच्याने घेतलंन हो सगळं," सासूबाई म्हणाल्या. विचारलं नव्हतं मी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझं अंग ठणकायला लागलं, आणि डोकं त्याहून जास्त. मान कोरडी, झबलं कोरडं. चमच्याने पिणाऱ्या पोराचं झबलं कोरडं कसं राहील?

मग निपल सापडलं. लपवलेलं नव्हतं तसं. भांड्यांच्या जाळीत एका पातेल्याखाली वाळत पडलं होतं. आमच्याकडे एक बाटली भेट आलेली होती, ती मी पोटमाळ्यावर टाकली होती. मी निपल उजेडात धरलं. टोकाच्या जरा खाली, एका बाजूला, दोन बारीक खाचा होत्या. एक सरळ, एक किंचित तिरकी.

दिवसभर मी लोकांचे चावेच बघत असते. कुणाचा कुठे दात टेकतो ते बघून मेण खरवडायचं, हाच माझा धंदा. आणि तो तिरका दात तर रोज माझ्या अंगावर उमटतो. मी निपल जागच्या जागी ठेवून दिलं, पातेलं वर झाकलं, आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, चहा ठेवू?"

मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला वाटतं, कुणाला दिसत नाही. इथे बोका एकटा नव्हता, सगळ्या घरानेच डोळे मिटले होते.

का? एकदा संशय आला की माणूस स्वतःच्या सावलीलाही पत्ता विचारतो. मला नको ते सगळं सुचलं. मी कामावर जास्त वेळ जावं म्हणून? माझं दूध पुरत नाही असं वाटतं म्हणून? उत्तर मिळालं ते तिकीटवाल्या बाईंकडून. लॅबमध्ये होते, हात मेणाने माखलेले, तेव्हा त्यांचा फोन आला. नवरा उचलत नाही म्हणून मला केला होता.

"मॅडम, साहेबांनी विचारलं होतं ना, वडील एकटे बाळाला घेऊन गेले तर चालतं का? चालतं. फक्त आईचं संमतीचं पत्र लागतं. नमुना पाठवू?"

माझ्या हातातली मेणाची दाढ टेबलावर पडली.

"पाठवा," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

सगळं जुळलं, एखादी कवळी बसावी तसं. रजा मिळणार नाही हे त्यांनी धरूनच चाललंय. मी इथे लोकांचे दात घासत बसणार आणि माझं पोर बाटली तोंडात घेऊन समुद्र बघणार. ताईच्या मांडीवर. मी बत्तीशींना म्हणाले, "डोकं दुखतंय," आणि त्यांच्या 'बघू'ची वाट न बघता निघाले.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला हातात घेतल्या आणि आत पाऊल टाकलं.

माझ्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, माझा फुलाफुलांचा गाऊन बसला होता. बाह्या दंडात रुतलेल्या, पाठीवर शिवण उसवायला आलेली, आणि खालून ग्रीसचे डाग पडलेली कामाची पँट. गाऊनच्या कुशीत बोका. गाऊन बारीक, चोरट्या आवाजात माझं अंगाईगीत गुणगुणत होता, तेही बेसूर. सासूबाई समोर उकिडव्या बसून बाटलीतली पातळी बघत होत्या.

"अजून थोडं राहिलंय," त्या कुजबुजल्या. "हलू नकोस मेल्या."

"हलू दे की," मी म्हणाले.

नवरा असा दचकला की बोक्याच्या तोंडातून बाटली सुटली. बोक्याने मला पाहिलं, मग गाऊनमधल्या त्याला पाहिलं, आणि आपली फसवणूक झाली आहे हे लक्षात येऊन टाहो फोडला.

"तू कामावर नाही गेलास?"

"जेवणाच्या सुट्टीत येतो मी," नवरा म्हणाला. गाऊनचं बटण काढायला बघत होता, ते निघत नव्हतं. "रोज. अगं, ऐक आधी."

"तुझा वास लागतो त्याला," सासूबाई म्हणाल्या. "नुसत्या बाटलीला तोंड लावत नव्हता. मग मीच म्हटलं, घाल तिचा गाऊन."

"आणि मी? मला कुणी काही म्हटलं?"

नवऱ्याने बोक्याला खांद्यावर घेतलं. "आमच्यात लिफ्ट एका दोरावर टांगत नाहीत. एक दोर पुरतो, वजन पेलतो, सगळं खरं. तरी जास्तीचे बांधतात, कारण आत माणूस उभा असतो. बोका एकाच दोरावर आहे. तिकडे एवढ्या लांब, मध्येच तुला ताप आला, उलट्या लागल्या, तर ह्याने काय करायचं?"

"मी दोर आहे?"

"चांगला दोर आहेस."

"गप्प बस!"

"तुझी नणंद अंगावर पीत होती तेव्हा मला कावीळ झाली," सासूबाई मध्येच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "मला ठेवलं दवाखान्यात. पोरीने बाटली घेतली नाही, चमचा घेतला नाही. रडून रडून घसा बसला तिचा. पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं मला. म्हणून ह्याने जाऊ या म्हटल्यावर मीच ह्याला सांगितलं, आधी पोराला बाटली शिकव, मग कुठे जायचं तिकडे जा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

नसतं दिलं. पण तेवढ्यावर मी सोडणार नव्हते.

"आणि पत्र? बाप एकटा नेऊ शकतो का, ते कुणाला ताप आला म्हणून विचारलंस?"

त्याने बोक्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "तुझी रजा नाहीच झाली तर... ताई रोज फोन करते गं. मला मनात आलं. नुसतं विचारून ठेवलं."

"नुसतं?"

"हो."

"मग मीही नुसतं विचारून ठेवते, मी एकटीने ह्याला कायमचं माझ्या आईकडे नेलं तर तुझं पत्र लागतं का?"

त्याचा चेहरा असा उतरला की क्षणभर मलाच कसंतरी झालं. "नको," तो म्हणाला. गाऊनमधला माणूस काही वेगळं म्हणूही शकत नव्हता.

"रजा मिळाली नाही, तर कुणीच जाणार नाही," मी म्हणाले.

"बरं."

"लगेच बरं?"

"मग काय, महिनाभर खलबतं करू?"

बोका रडतच होता. माझं अंग भरून आलं होतं, सदरा ओला. हात पुढे केला असता तर दोन क्षणांत शांत झाला असता. नवऱ्याने त्याला माझ्याकडे धरलंही. मी बाटलीकडे बघितलं, तळाशी थोडं दूध होतं.

"तू दे," मी म्हणाले. "पण गाऊन काढून. फसवून नाही."

मी बाहेर जिन्यात जाऊन दार ओढून घेतलं. आत बोक्याचं ते खास रडणं, श्वास अडकवून मग फुटणारं. माझा हात कडीवर. एकदा वाटलं, अजून एकदा ओरडला तर जाते. ओरडला. नाही गेले. पायरीवर बसले, दोन्ही हात काखेत दाबून, आणि दाताखाली ओठ. एक शेजारी खालून पिशवी घेऊन वर आला, माझ्याकडे बघून "किल्ली विसरलात?" म्हणाला. मी मान हलवली.

मग आवाज थांबला. एकदम. मला तेही खपेना. इतक्यात? गाऊन घातला असणार परत! मी दाराला कान लावला. आतून घुरघुर आली, नेहमीची, डोळे मिटल्यावरची. सासूबाईंनी दार किलकिलं केलं आणि डोळा लावला.

"घेतोय. सदऱ्यातच आहे हा. येतेस बघायला?"

"नको. मला बघितलं तर सोडेल."

मी तिथूनच बत्तीशींना फोन लावला. डोकं कसं आहे, त्यांनी विचारलं. बरं आहे, मी म्हणाले, आणि रजा विचारत नाहीये, सांगतेय. हातातल्या सगळ्या कवळ्या पुऱ्या करून जाईन. पलीकडे बराच वेळ चष्मा पुसला गेला. "त्या म्हाताऱ्या शिक्षकांची वरची कवळी तेवढी तुमच्या हातची पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "मग जा."

आत गेले तर बोका बापाच्या खांद्यावर झोपला होता, तोंडाच्या कडेला दुधाचा थेंब. मी तो बोटाने टिपला. मग कपाट उघडलं, तिघांचे पासपोर्ट काढले आणि माझ्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"विश्वास नाही माझ्यावर?" नवऱ्याने हळूच विचारलं, पोर उठू नये म्हणून.

"आहे ना. म्हणून तर तुझाही मीच सांभाळते."

तो हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पर्सकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि म्हणाल्या, "अगं, चेनला छोटं कुलूपही मिळतं."