शेवटची सोळा पानं

लेक गेल्यावर लोकांनी मला धीराची पुस्तकं आणून दिली. एकेक वाचून अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. सगळी माळ्यावर फेकली.

मी बाइंडिंग करते. धाकट्या नणंदेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं माझ्याकडे येतात. त्यातच ती भुताची कादंबरी आली. पानं क्रमाने लावता लावता वाचतच बसले. त्यातल्या आईची मेलेली मुलगी रोज संध्याकाळी दारात यायची आणि आई तिला बिनधास्त आत घ्यायची. एकदाचं कुणीतरी खरं लिहिलं होतं! आठ महिन्यांत पहिल्यांदा मी हमसून हमसून रडले.

पुस्तक शिवून परत पाठवलं. दोन दिवसांनी नणंद तेच घेऊन दारात उभी.

"वहिनी, शेवटची सोळा पानं कुठायत? वाचक माझ्या नावानं शंख करतोय."

"गहाळ झाली असतील."

"तुझ्या हातून? वीस वर्षांत एक पान हरवलं नाहीस तू."

मी चिडून खण उघडला. पानं लेकीच्या शाळेच्या ओळखपत्राखाली होती.

"त्यात ती आई मुलीला निरोप देते. तिला 'जा' म्हणवलं तरी कसं?"

नणंदेने सुईत दोरा ओवून माझ्यापुढे धरला.

शिवण्याआधी मी ती पानं मोठ्याने वाचली. 'जा गं, अंधार पडायच्या आत जा,' या वाक्यापाशी अडखळले. मग तेवढं वाक्य पानाकडे न बघता म्हटलं.