उवेचं कार्ड

“बाई, शेवटच्या पानांचा फॉर्मा द्या हो. मशीन रिकामं बसलंय,” छापखान्याचा माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

“पाच मिनिटं.”

“मघापासून पाच मिनिटंच चाललीयेत तुमची!”

बाईंच्या हातात एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. शब्दकोशाच्या या कचेरीत त्या बावीस वर्षं अशी कार्डं लिहीत होत्या. एका कार्डावर एक भाषा, एक शब्द आणि तो कोणी सांगितला त्याची नोंद. सध्या कीटकांचा खंड चालू होता. घरी नणंद म्हणायची, “वहिनी, लोक उवा मारतात, तू त्यांची वंशावळ लावत बसतेस!”

तुर्की, कझाक, उझबेक या एकाच कुळातल्या भाषा, सगळीकडे उवेला ‘बित’. त्याच कुळातल्या चुवाश भाषेत मात्र ‘पिय्ता’. शेवटचा तो स्वर मुळातलाच, बाकीकडे झडून गेला, हा कोशाचे संपादक असलेल्या सरांचा जुना नियम. एकट्या चुवाशवर कोणी विश्वास ठेवेना. मग त्याच कुळातल्या, डोंगरातल्या एका लहान बोलीचं हे कार्ड सापडलं, त्यातही शेवटी स्वर. त्या जोरावर सरांनी अकरा पानं लिहिली. परवा त्यांचं ऑपरेशन होतं. त्याआधी ती छापलेली बघायची होती त्यांना.

आज प्रूफ कार्डाशी ताडून बघताना बाईंना त्यावरचं अक्षर ओळखू आलं. त्यांचंच. नोकरीचं पहिलं वर्ष, डोंगरात शब्द सांगणारी एक म्हातारी, परतताना ओढ्यात भिजलेली वही, पसरलेली शाई. शब्द कसा असायला हवा ते सरांच्या नियमाने काढून त्यांनी लिहून टाकलं होतं. बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं होतं, ते पुसलं गेलं असावं. की केलंच नव्हतं?

म्हणजे सरांच्या नियमाला साक्ष सरांच्याच नियमाची होती. आणि हे दुसऱ्या कोणाला कधीच कळणार नव्हतं.

बाई आतल्या खोलीत गेल्या.

“सर, हे कार्ड मी ऐकून लिहिलेलं नाही. वही भिजली होती. तुमच्या नियमाने बनवलं.”

सरांनी चष्मा काढला. “तेव्हाच सांगायचं होतं की, बाई.”

“तुमची भीती वाटली.”

“आणि आज?”

“आज जास्त वाटते.”

सर हसले नाहीत. “म्हातारीने काय सांगितलं होतं? काहीतरी आठवत असेल.”

“ती उन्हात बसून नातीचं डोकं बघत होती. नखावर ऊ घेऊन मला दाखवली आणि शब्द म्हणाली. तिचे ओठ आठवतात, सर. आवाज नाही.”

“आता तिकडे कोणी?”

“ती बोली बोलणारं कोणी उरलं नाही.”

सर लाल पेन्सिल उचलून एकेका पानावर काट मारत गेले. बाईंनी एकेक पान धरलं आणि रद्द झालेलं गठ्ठ्यातून बाजूला काढलं, अकराव्यापर्यंत.

छापखान्याच्या माणसाने गठ्ठा हातात तोलला. “अरेच्चा, हलका झाला की!”

तो गेल्यावर बाईंनी कोरं कार्ड घेतलं. बोलीचं नाव लिहिलं, म्हातारीचं अंदाजे वय लिहिलं. अर्थ: ऊ. शब्दाची ओळ मोकळी ठेवली आणि कार्ड खणात जुन्या कार्डाच्या जागी लावलं.