रुसलेला जावई आणि न्हाणीतली कोळीण

"पाव्हणं, पाणी काढलंय. न्हाऊन घ्या," सासूनं, सोजराबाईनं हाक मारली.

सोमेश्वर टॉवेल खांद्यावर टाकून उठला. न्हाणी घरामागं, गोठ्याला लागून. तीन बाजूंना दगडी भिंती, वर कौलं, पुढं पत्र्याचं दार. दार ढकललं आणि तो उंबऱ्यावरच थिजला. समोरच्या भिंतीवर, साबणाच्या कोनाड्याच्या वर, ती बसलेली होती. तळहाताएवढी कोळीण. मातकट, चपटी, पाय पसरून अशी चिकटलेली, की जणू कुणी चिखलाचा पंजा भिंतीवर उमटवलाय. काल ती दाराच्या पत्र्याआड होती, परवा बंबामागं. हल्ली रोज अंघोळीच्या वेळेला ती आधी हजर.

सोमेश्वरनं मान फिरवली, हात लांब करून बादली ओढली आणि वाफाळतं पाणी सगळं मोरीत उपडं केलं. पाण्याचा आवाज झाला म्हणजे अंघोळ झाली. बाहेरच्या रांजणातलं तांब्याभर डोक्यावर ओतलं, केस पुसत पुसत पुढच्या अंगणात आला आणि म्हणाला, "झालं बगा." दुपारी म्हशीला पाणी दाखवायच्या निमित्तानं ओढ्यावर गेला आणि खरी अंघोळ म्हशीशेजारी उरकली.

हा गडी भित्रा होता म्हणाल, तर नाही. कापूरहोळला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार काढायला तो दोराला लोंबकळत खोल विहिरीत उतरायचा. किकवीच्या एका पंपघरातनं त्यानं धामण शेपटीला धरून बाहेर काढली होती आणि वर चहाही घेतला होता. पण कोळी दिसला की हाच गडी चार पावलं मागं सरायचा. स्टार्टरची पेटी उघडायच्या आधी तो पान्ह्यानं तीनदा ठोकायचा, मग ब्लोअर मारायचा. शेतकरी म्हणायचे, पोरगा करंटला जपून आहे. करंटला कोण जपतंय! भीतीला अक्कल नसते. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही, त्याची अजून कशाशी गाठच पडलेली नसते.

माघात लग्न झालं. पाडव्याच्या सणासाठी त्याची बायको प्रांजल वेल्ह्याच्या डोंगरातल्या तिच्या माहेरी आली होती. तिला न्यायला सोमेश्वर पाडव्याच्या आदल्या दिवशी पोचला, श्रीखंडाचा डबा घेऊन, एका रात्रीच्या बोलीनं. त्याच रात्री करोनापायी देश बंद झाला. सकाळी वाडीच्या पोरांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि धोंडे आणून टाकले. चेलाडी फाट्यावर पोलीस काठ्या घेऊन उभे. जावई सासुरवाडीत अडकला.

आता जावई म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्यानं मुलीच्या बापाला विचारावं. आपल्याकडं ते एक देवस्थान आहे. त्याला नैवेद्य दाखवायचा, त्याच्याकडं पाठ करायची नाही, आणि तो कोपला तर का कोपला हे त्याला विचारायचं नाही, आपणच ओळखायचं. सोमेश्वर शेण काढायला उठला की सोजराबाई पाटी हिसकावून घ्यायची. "असूं द्या, असूं द्या. वाडी काय म्हणंल?" सरपण फोडायला कुऱ्हाड उचलली की गेणू, त्याचा सासरा, पळत यायचा. म्हातारा डेअरीला घालून उरलेलं कपभर दूध जावयाच्या चहात घालायचा आणि आपण कोरा प्यायचा. सोमेश्वरला हे सगळं नको होतं. पण नको म्हणणंही जावयाचंच बोलणं. त्याचाही अर्थ लावला जायचा.

बरं, उद्योग काय, तर टेकाडावर रेंज यायची. तिथं जाऊन बसायचा आणि फोनवरून लोकांच्या मोटारी दुरुस्त करायचा. "आदी पेटी ठोका... ठोकली? आता उघडा."

त्यात आतल्या खोलीच्या आढ्यालाही एक कोळी दिसला. त्या रात्रीपासून त्यानं गोधडी अंगणात आणली. "लई उकडतंय," म्हणाला.

सोजराबाईनं हे बघितलं. पण खरा घोळ केला साबणानं. जावयासाठी खास वासाचा साबण आणलेला, नवा. एके दिवशी तिनं कोनाड्यातला साबण हातात घेतला, तर त्यावरचं नाव जसंच्या तसं. एक अक्षर झिजलेलं नाही. ती तशीच साबण घेऊन गोठ्यात गेणूकडं गेली.

"अवं, हे बगा."

"काय?"

"साबन."

"मंग?"

"कोरडा हाय. पाव्हणं आपल्या न्हाणीत न्हात न्हाईत. झोपत्यात बी भाईर. आपल्या घरातलं काय घ्यायाचंच न्हाई असं केलंय त्यांनी."

गेणूच्या हातातलं वैरणीचं पेंडकं तसंच राहिलं. "म्हंजी रुसलं?"

शेजारच्या कोंडिबाला अशा गोष्टींचा वास लगेच लागतो. तो बांधावर उपरण्यानं तोंड बांधून, सरकारनं सांगितलेलं अंतर ठेवून उभा होता. कान मात्र अंतर ठेवत नव्हते. "रुसलं न्हाई तर काय! लग्नात त्यांचा चुलता पंगतीत काय बोलला, इसारलास व्हय गेणबा? 'आमच्याकडं मोटारसायकल द्येत्यात.' तू हसण्यावारी न्हेलंस. जावई तवा काय बोलला न्हाई. जो बोलत न्हाई त्यो ध्येनात ठिवतो."

सोमेश्वरनं कुणाकडं कधी काही मागितलं नव्हतं. पण मागणारा जावई परवडतो, त्याची मागणी तरी कळते. न मागणाऱ्याचा थांग मुलीच्या बापाला लागत नाही, आणि मग तो बाप आपलंच काळीज कुरतडत बसतो. गेणूनं दोन दिवस कुरतडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रतनी देऊ."

रतनी म्हणजे घरातली एकच दुभती म्हैस. सगळं बंद होतं, पण डेअरीची गाडी खालच्या वळणापर्यंत येत होती. रतनीच्या दुधावर घरात साखर-पत्ती दिसत होती.

संध्याकाळी प्रांजलनं नवऱ्याला गोठ्यामागं गाठलं. हातात धारेची चरवी, डोळे लाल.

"काय पायजे तुमाला?"

"मला? काय न्हाई."

"मंग अंघूळ का करत न्हाई?"

"करतो की."

"वड्यात! म्हशीसंगं! पोरं बघून आल्यात. आन् भाईर झोपता. उकडतंय म्हणं. माझा बाप चैतात बी घोंगडं घेतो हितं."

"अगं पर—"

"अण्णा रतनी देनार हायेत तुमाला. उद्या. तुमचा रुसवा काडायला."

सोमेश्वर गडबडला. "कुनी मागितली म्हस?"

"तुमच्या काकानं मोटारसायकल मागितली तवा तुमी काय करत हुता? जिलेबी खात हुता. म्या बगत हुते. आता बोला. का रुसलाय?"

"रुसलो न्हाई गं."

"मंग न्हाणीत का जात न्हाई?"

सोमेश्वर भिंतीवरचं वाळलेलं शेण नखानं खरवडायला लागला. साप आहे असं सांगता आलं असतं. सापाच्या भीतीला गावात मान आहे. भूत, बिबट्या, पोलीस, या सगळ्यांच्या भीतीला इज्जत आहे. कोळ्याच्या भीतीला कुणीच इज्जत ठेवलेली नाही. त्यात पिळदार मिशा, विहिरीत उतरणारा गडी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवी बायको. एकदा का ती हसली की जन्मभर हसणार.

"सांगतो कधीतरी," तो पुटपुटला.

"ऱ्हाऊ द्या. रतनी तुमच्या दारात बांधली ना, तर म्या बी तिच्याच दावणीला बसंन. घरात पाऊल टाकायची न्हाई." चरवी घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनीला धुऊन, शिंगांना तेल लावून, कपाळावर हळद-कुंकू लावून अंगणात आणलं. कोंडिबा बांध ओलांडून आला. आणखी चार घरची माणसं लांब लांब, पदर आणि उपरणी तोंडावर धरून उभी राहिली. लॉकडाऊनमध्ये करमणूक ती काय! सोजराबाई दाराआडून बघत होती. म्हशीच्या अंगावरून तिची नजर हलत नव्हती.

"रस्ता मोकळा झाला की न्या," कोंडिबा पुढारपण करत म्हणाला. "आज नुस्तं दावं हातात घ्या. म्हंजी मन साफ झालं."

"मामा, मला म्हस नको," सोमेश्वर म्हणाला.

"कमी वाटती का वो?" गेणूनं दावं आणखी पुढं केलं. "याच्या वर माझ्यापाशी काय न्हाई. पोरीला त्रास नका देऊ."

"मामा, खरंच—"

गेणूनं दावं कोंडिबाच्या हातात दिलं आणि दोन्ही हात डोक्याकडं नेले. त्याचा जुना पांढरा पटका, उन्हापावसात पिवळा पडलेला. तो काढून तो वाकायला लागला, जावयाच्या पायाकडं.

असा प्रसंग मी अनेकदा ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी तो सांगणारा माणूस त्याला 'रीत' म्हणतो. कसली रीत? म्हातारा माणूस उघड्या डोक्यानं पोरसवदा गड्यापुढं वाकतो आणि चार माणसं उभी राहून बघतात, याला रीत म्हणायचं असेल तर आग लावा त्या रीतीला. सोमेश्वरच्याही अंगाची आग झाली. म्हाताऱ्याचे दोन्ही दंड धरून तो वाडी ऐकेल असं ओरडला,

"मामा, न्हाणीत कोळीण हाय! आठ पायाची, ही एवढी! म्या भितो तिला!"

एक कोंबडी मध्येच चालत गेली.

"भितो?" गेणू.

"लई भितो. लहानपनापासनं. आत पाऊल पडत न्हाई माझं. खोलीत बी एक हाय. म्हणून भाईर झोपतो. उकडत बिकडत काय न्हाई. पाटंचं थंडीनं दात वाजत्यात."

"कारन सांगतोय," कोंडिबा उपरण्यातून म्हणाला. "विहिरीत उतरनारा गडी किड्याला भितो व्हय? गेणबा, त्याला मोटारसायकलच पायजे."

सोजराबाई तडक घरामागं गेली. आली ती खराटा आडवा धरून, आणि खराट्याच्या टोकाला पाय पसरून कोळीण बसलेली. "हीच का वो पाव्हणं?" म्हणत ती सरळ पुढं आली.

सोमेश्वरनं कोंडिबाला एका बाजूला लोटलं, गोठ्याच्या कमरेएवढ्या भिंतीवरून उडी घेतली आणि पलीकडच्या कडब्यात गडप झाला. कोंडिबाच्या हातातलं दावं सुटलं. रतनीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि आपली आपण दावणीला जाऊन उभी राहिली.

कडब्यातून आवाज आला, "गेली का?"

पहिल्यांदा प्रांजल हसली. हसता हसता खाली बसली, मग मातीतच लोळायची बाकी राहिली. मग वाडी हसली. कोंडिबाही हसला, त्याचं उपरणं निसटलं, ते त्यानं पुन्हा बांधलंही नाही. गेणू मात्र पटका हातात धरून उभा होता. हसावं की रडावं ते त्याला समजत नव्हतं, आणि दोन्ही एकदमच आलं.

"मामी, मारा तिला!" कडब्यातून विनंती आली.

सोजराबाईनं खराटा डोळ्यांजवळ नेला. "अगं बया! लेकुरवाळी हाय की ही. पोटाशी अंड्याची चकती धरून बसलीया. हिला कशी मारू?"

"मंग लांब तरी सोडा. ओढ्यापल्याड!"

"कुठं जाईल ती असल्या दिसांत? सरकारनं सांगितलंय, ज्यो जिथं हाय त्यानं तिथंच ऱ्हायाचं. तुमी बी, ती बी." आणि तिनं कोळिणीला परत न्हाणीत नेऊन सोडलं. लेकुरवाळीला घराबाहेर काढायची नाही, एवढं त्या घरात पक्कं होतं. जावयासाठीही त्यात बदल होणार नव्हता.

पुढं चार दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. सोमेश्वर रस्त्यानं निघाला की पोरं हाताची बोटं वळवळवून दाखवायची. प्रांजल जेवायला वाढताना मध्येच फिस्सकन हसायची. पण एक झालं. सोजराबाई शेणाची पाटी हिसकावून घेईनाशी झाली. "सोमा, गोठा झाडून घे रं," म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते लक्षात येऊन जीभ चावली. सोमानं खराटा आधी तीनदा जमिनीवर आपटला, मग गोठा झाडला. दुधाचा चहा सगळ्यांना सारखा वाटला जाऊ लागला, थोडा पातळ.

अंघोळीचा प्रश्न गेणूनं सोडवला. सकाळी तो काठी घेऊन न्हाणीत जायचा, कोळीण कुठं आहे ते बघून यायचा आणि दाराबाहेरच्या दगडावर पाठ करून बसायचा.

"हाय बंबामागं. हालत न्हाई. घ्या पाणी."

आतून धसमुसळा तांब्या. "आता कुठं हाय?"

"तुमी आत, म्या भाईर. मला कसं दिसंल? तुमीच बगा."

"मला न्हाई बघायची!"

"मंग डोळं मिटून घ्या अंगावर."

असं दोघांचं चालायचं. एका सकाळी मध्येच गेणू गप्प झाला. समोरच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या हिरव्या होत होत्या. तो त्यांच्याकडंच बघत म्हणाला, "सोमा, एक सांगू? तुमी तिला भ्यालात, आन् आमी दोघं तुमाला. लग्न ठरल्यापासनं भीत हुतो. तुमी हसलात तरी भ्या, गप बसलात तरी भ्या. तुमची कोळीण बरी. ती कुनाचं काय मागत न्हाई."

आतला तांब्याचा आवाज थांबला. गेणूला वाटलं, उगाच बोललो. मग पत्र्याचं दार वाजलं आणि सोमेश्वर तसाच, केसांतून पाणी गळत, बाहेर आला. म्हाताऱ्याशेजारी त्याच दगडावर बसायला लागला.

दगड लहान होता. गेणू सरकला.