भरत आलेली जखम

तिच्या हातातल्या चिमट्याच्या टोकाला चकती थरथरत होती — हिरवट, ओलसर, नखाएवढी. खिडकीचा उजेड चकतीतून गढूळ होऊन येत होता. पानांचा अर्क गाळून जेलमध्ये मिसळायचा, साच्यात ओतून घट्ट होऊ द्यायचा, आणि मग ही चकती उंदराच्या पाठीवरच्या जखमेवर ठेवायची. जखमही तिनंच केलेली असायची. भूल देऊन, केस काढून, छान गोल. आपणच आग लावायची आणि आपणच बंब घेऊन धावायचं, असं प्रयोगशाळेतले सर म्हणत, आणि इतकी वर्षं ती त्यावर हसत आली होती. आज ते नुसतं आठवलं, हसू आलं नाही.

सकाळी निघताना आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली होती.

"तुझं ते औषध आण ना थोडं. रविवारी जावई यायचेत न्यायला. तोवर खांदा जरा बरा दिसू दे."

बरा होऊ दे नाही, बरा दिसू दे... आतल्या खोलीत धाकटी बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं असणारच.

कढईतलं तेल उडालं, असं धाकटीनंच सासरहून आल्यावर सांगितलं होतं. पण भाजलं होतं ते मागून, मानेखालून खांद्याच्या पाठीपर्यंत. कढईसमोर उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवर तेल कसं उडेल, हे कुणी विचारलं नाही. आईनं एकदाच पट्टी बदलली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते काम तिच्यावर, मोठीवर सोपवलं. तुझा हात हलका आहे, म्हणाली. आणि मीही — मीही तो हलका हात पुढे केला, तोंड मिटून.

हे जेल अजून माणसाला लावलेलं नव्हतं. ते घरी न्यायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी सर जेवायला गेल्यावर तिनं दोन चकत्या एका डबीत घातल्या आणि डबी पर्समध्ये टाकली. आईच्या तोंडाला तोंड द्यायला नको, एवढंच तेव्हा मनात होतं.

मग ती पिंजऱ्यांकडे वळली. बहुतेक पाठी गुलाबी होऊन मिटत आल्या होत्या. एकाच उंदराची जखम ओली होती. तो चकती ओरबाडून काढायचा, म्हणून त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातली होती, तरी मागचा पाय तो कसाबसा तिथवर पोचवतच होता. तिनं त्याला हातात घेतलं. जखमेच्या काठाला बारीक, तिरप्या, लाल रेघा होत्या... आणि तिचा हात थांबला. या रेघा तिनं आज सकाळीच पाहिल्या होत्या. कालही पाहिल्या होत्या. डॉक्टरांनी मलम बदललं, रक्त तपासलं, का भरत नाही ते कळत नाही म्हणाले. आणि धाकटीचे हात नेहमी पांघरुणाखाली असायचे. नखांच्या कडेला तपकिरी दिसायचं ते औषधाचं असेल, असं आपण धरून चाललो — आपण, जखमा मोजून पगार घेणारी बाई!

दुपारी, ज्याची जखम पूर्ण मिटली होती तो उंदीर घ्यायचा होता. भरलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते, त्यासाठी उंदराला जिवंत ठेवत नाहीत. आजवर तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आजही तिनं सगळं नीट केलं. कातडी सुरेख जुळून आली होती, आणि सर खूश झाले.

संध्याकाळी तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि धाकटीच्या मागे बसून पट्टी सोडली. नव्या रेघा होत्या.

"ताई, अजून किती दिवस?" धाकटीनं भिंतीकडे बघत विचारलं. आवाज बरं व्हायची घाई झालेल्या माणसाचा नव्हता.

"तू खाजवतेस."

धाकटीनं पांघरूण हातांवर ओढून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "भरली की जावं लागेल ना."

नाही जायचं, मी नाही जाऊ देणार — वाक्य पूर्ण तयार होतं. ते घशापर्यंत आलं, आणि त्याच्यामागोमाग बाहेरच्या खोलीत बसलेली आई आली, रविवार आला, जावयापुढे ठेवायची खुर्ची आली, आपण बोलल्यावर त्या खोलीत पसरेल ती शांतता आली... वाक्य तिथेच राहिलं.

"आणलंस का गं?" दाराबाहेरून आईनं विचारलं.

पर्स मांडीजवळच होती.

"नाही मिळालं," ती म्हणाली.

धाकटीची पाठ किंचित सैल झाली. मोठी मात्र कापूस हातात धरून त्या ओल्या, लाल जागेकडे बघत राहिली. अशी जखम पाहिली की एरवी मन आधी काठ मोजायचं, किती मिटली, किती राहिली. आज तिला सुटल्यासारखं वाटलं. रविवारपर्यंत ही काही भरत नाही... हे सुटणं धाकटीसाठी आहे, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. ही जागा उघडी आहे तोवर आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असं तिच्या आत कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं होतं, आणि तो आवाज तिला आईचा वाटला. तिनं कापूस टेकवला, आणि आपला हात किती हलका आहे ते तिला पहिल्यांदाच जाणवलं.