तेलात बुडवलेला फिल्टर

मास्टर बोआडूंच्या शेडमध्ये मी साडेपाच वर्षं काढली आणि येत्या शनिवारी ते मला मोकळं करणार होते. कुमासीतल्या आमच्या सुआमेत, या गॅरेजांच्या वस्तीत, शिकाऊ फिटर मोकळा होतो म्हणजे मास्टर चार माणसांसमोर त्याच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततो. त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या नावाने गाडी खोलता येते. त्याआधी खोलली तर फिटरांची संघटना पान्हे जप्त करते. बाई असून मी इथवर टिकले, याचं आईला माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं.

मंगळवारी एनो डुफीची मिनीबस आली. एनो म्हणजे सगळ्या मिनीबस स्टेशनची आईच. कुमासी ते माम्पाँग ती गाडी माणसं वाहते आणि त्यावर एनोचं घर चालतं. आता गाडी उभ्या उभ्या काळा धूर ओकत धापा टाकत होती. माम्पाँगच्या घाटात निम्म्यावर दम सोडायची, मग प्रवाशांनी उतरून ढकलायचं. मास्टरनी बोनेटवर दोन थापा मारल्या आणि निकाल देऊन टाकला.

“पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खाली घ्या.”

“मास्टर, रिंगा गेल्या की धूर निळा येतो,” मी म्हणाले. “हा काळा आहे. पेट्रोल जास्त जातंय.”

“बरं. आता पिल्लू कोंबडीला दाणे टिपायला शिकवणार.”

सगळे हसले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं, तेही शनिवार चार दिवसांवर असताना? पण एनो आजारी लेकराजवळ उभं राहावं तशी गाडीला हात लावून उभी होती. इंजिन खाली उतरलं की गाडी महिनाभर उठत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी इंजिन बंद केलं, एअर फिल्टरच्या पुढच्या नळीवरचा वायरचा सॉकेट उपटला आणि पुन्हा चावी फिरवली.

इंजिन दोनदा अडखळलं आणि मग सरळ चालू लागलं. धूरही विरळ झाला.

“काय केलंस गं?” एनोचा ड्रायव्हर असिएडूने विचारलं.

“आत किती हवा येते ते मोजणारा सेन्सर आहे हा. तो खोटं बोलत होता. त्याचं तोंड बंद केलं, आता गाडी आपल्या अंदाजाने पेट्रोल घेतेय.”

सेन्सर काढून उजेडात धरला. आतल्या केसाएवढ्या तारेवर काळा चिकट थर बसला होता. फिल्टरची पेटी उघडली, तर कागदी फिल्टर तेलाने निथळत होता.

“तेल मीच लावलं,” असिएडू म्हणाला. “हरमटानच्या वाऱ्यात धूळ चिकटावी म्हणून. मास्टरनीच सांगितलं होतं.”

मास्टर शिकले ते जुन्या लॉऱ्यांवर. त्यांचा फिल्टर तेलाच्या वाटीतच बसायचा, आणि तिथे ते बरोबरच होतं. त्या लॉऱ्यांना ही तार नव्हती. पण मास्टरांचा शब्द अख्ख्या स्टेशनवर चालायचा.

त्यांनी मला शेडमागे बोलावलं. “सेन्सर जुना होता, आपोआप गेला, एवढंच सांग. शनिवारी पावडर तुझ्या डोक्यावर.”

खोटं एवढंसंच होतं, आणि खरं सांगते, मला ते बोलावंसं वाटलं. पण उद्या आणखी सहा जण फिल्टर तेलात बुडवणार आणि त्यांची धडधाकट इंजिनं खाली उतरणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला मी.

मी परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “असिएडू, तेलाने तार माखली म्हणून गाडी बसली. कोरडा फिल्टर घाल. स्टेशनवरही सांग, तेल लावायचं नाही. आमच्या मास्टरांचं हे चुकलंय.”

तारेला बोट न लावता तिच्यावर क्लीनरचा फवारा मारला, ती वाळेपर्यंत थांबले आणि सेन्सर बसवला. संध्याकाळी असिएडू भरल्या गाडीनिशी घाट चढून हॉर्न वाजवत परत आला.

“पान्हे ठेव,” मास्टर म्हणाले. “शनिवार विसर.”

पान्हे त्यांचेच होते. ठेवले. रागाने रडू आलं, ते मी लपवलं नाही.

शनिवारी मी शेडसमोरच्या झाडाखाली एक स्क्रूड्रायव्हर आणि क्लीनरचा डबा घेऊन बसले. असिएडूने स्टेशनभर बोभाटा केलाच होता. नऊ वाजता संघटनेचा माणूस आला.

“मोकळी झालेली नसताना गाड्या खोलतेस?”

“इंजिनाला हात लावत नाही. तार धुते, फिल्टर कोरडा घालते. त्याला पावडर लागते असं कुठे लिहिलंय, ते दाखवा.”

त्याच्यामागे गाड्यांची रांग होती. ड्रायव्हरांनी असे हॉर्न धरले की त्याचं पुढचं बोलणं मला ऐकू आलंच नाही. तो निघून गेला.

दुपारी मास्टरांची स्वतःची पिकअप काळा धूर सोडत रांगेच्या बाजूने पुढे आली आणि माझ्यासमोर थांबली. काच खाली झाली.

“फ्रेमा, जरा हिच्यात बघ.”

“तुमच्याआधी तिघं आहेत, मास्टर,” मी म्हणाले. “रांगेत लावा.”

त्यांनी गिअर टाकला आणि गाडी मागे घेऊन रांगेच्या शेवटी लावली.