बिनधारेची हत्यारं

"बघून तरी घ्या. तुम्हीच मागवायला सांगितल्या होत्या," असं म्हणत दुकानदाराने कापडाची गुंडाळी काउंटरवर उलगडली. आत नव्याकोऱ्या पटाश्या ओळीने मांडलेल्या होत्या.

टाइमकीपरने नको नको म्हणत एक उचललीच. बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिण्यात त्याची उमर गेली होती, पण घरी आल्यावर तो लाकडातून पक्षी कोरत बसायचा. कोरायला बसला की चहा निवून जायचा आणि बायकोची बडबड सुरू व्हायची. त्याने नखावर धार टेकवली. ती घसरली नाही, रुतली. मूठही हातात चपखल बसली.

"छान आहे," तो म्हणाला आणि पटाशी होती तिथे ठेवून दिली. "धार नसलेलं काही आहे का?"

"धार नसलेलं? म्हणजे लाकडाला गुदगुल्या करणार की काय?"

"लाकूड नाही. माती घेऊन बघावी म्हणतोय."

"नातवंडं आलेली दिसतात घरी."

"हो," टाइमकीपर म्हणाला. त्याला नातवंड नव्हतं. होता तो एक मुलगा, लग्नाच्या वयाचा, नुकताच हॉस्पिटलमधून घरी आलेला. त्याच्यासाठी न्हाणीघराचं दार फोडावं लागलं होतं, आणि दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात बापाचीच पटाशी होती. त्याच संध्याकाळी टाइमकीपरने सगळी हत्यारं पोत्यात भरून डेपोतल्या सुताराला देऊन टाकली. सुताराने कारण विचारलं नाही, एवढे त्याचे उपकार.

दुकानदाराने मातीकामाची अवजारं समोर ओतली. टाइमकीपर एकेक हातात घेऊन पाहू लागला. कशाने काय घडवता येईल ते तो बघतच नव्हता. सुई त्याने लगेच बाजूला सारली. माती कापायची तार बोटांत धरली आणि तीही सारली. प्लास्टिकची पट्टी वाकवून पाहिली; मोडली तर कड कशी निघेल, याचा अंदाज घेतला आणि नको म्हणाला. शेवटी गोल टोकांच्या दोन लाकडी पट्ट्या तेवढ्या त्याने निवडल्या.

"अहो, सुईशिवाय डोळे कसे काढणार?"

"बोटाने काढेन."

घरी मुलगा खिडकीपाशी बसला होता. उकाड्यातही अंगात लांब बाह्यांचा शर्ट. पिशवीतून माती निघालेली पाहून त्याने विचारलं, "लाकूड का सोडलंत?"

"डोळे साथ देत नाहीत रे आता."

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

टाइमकीपर मातीचं पुडकं सोडत राहिला. गाठ सुटेना.

"तू बरा झालास की आणू परत."

"आणि नाही झालो तर?"

हा प्रश्न घरात इतके दिवस कुणी उच्चारला नव्हता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. टाइमकीपरने दात लावून गाठ सोडवली.

"तर माती आहेच," तो म्हणाला.

मुलगा तिथून उठला नाही. टाइमकीपरने पक्षी घडवायला घेतला. लाकडात नको असेल ते काढून टाकायचं असतं. इथे सगळं उलटं, भर घालत जायचं. हाताला ते उमगेना. मान लावली की पडायची. तो ती पुन्हा लावायचा आणि ती पुन्हा पडायची.

"पाणी जास्त झालंय," मुलगा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

"झालंय खरं."

एवढंच बोलणं झालं. पक्षी सकाळपर्यंत वाळला आणि छातीपाशी तडकला. टाइमकीपरने तो फेकला नाही. तसाच फळीवर ठेवला आणि दुसरा गोळा मळायला घेतला. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जागा होता.

बायको कामावर निघाली होती. तिने भाजी चिरून संपवली, घरातली एकुलती एक सुरी धुतली, पुसली, जुन्या रुमालात गुंडाळली आणि रोजच्यासारखी पर्समध्ये डब्याच्या खाली ठेवली. मग पर्सची चेन लावून ती दारात उभी राहिली.

"येते रे," ती म्हणाली.

"सावकाश जा," भिंतीकडूनच आवाज आला.

ती तरीही थोडा वेळ उभी राहिली. मग चपला घालून जिना उतरू लागली.