अर्डिथ आत्याचा वरचा रस्ता

सोम्स बारहून ऑर्लिन्सला जायचं म्हणजे गाडीने पाव तास. क्लॅमथ नदीच्या कडेकडेने खाली उतरत गेलं की झालं. पण अर्डिथ आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती आणि तिला न्यायला आलेला भाचा, लेलँड, सकाळी सकाळीच घामाघूम झाला होता.

"खाली मी येणार नाही," आत्या म्हणाली. "न्यायचं तर वर ने."

"आत्या, नाच खाली आहे."

"मग नाच वर आणा."

हे म्हातारचळ नव्हे, बरं का. ह्या नदीकाठच्या आम्हा करुक आदिवासींच्या जुन्या भाषेत माणसाला नुसतं नेता येत नाही. नदीच्या खाली नेणं वेगळं, वर आणणं वेगळं, पैलतीरी नेणं आणखी वेगळं. डावं-उजवं शहरवाल्यांनी बघावं. आत्याच्या नवऱ्याला, विल्बरला, असंच खाली नेलं होतं, समुद्राकाठच्या दवाखान्यात. आठवड्यात घरी आणतो म्हणाले. आणलं ते शवपेटीत आडवा घालून. तेव्हापासून आत्या खाली म्हणून गेली नाही. हल्ली तिच्या छातीत कळ यायची आणि डॉक्टरांनी त्याच दवाखान्यात बोलावलं होतं. आत्याने त्यांनाच वर या म्हणून निरोप धाडला. ते काही आले नाहीत.

आणि आज ऑर्लिन्सला आमच्या लोकांचा नाच होता, त्यात लेलँडची पोर रोएन पहिल्यांदा उतरायची होती. तिच्यासाठी विणलेली टोपी आत्याच्या मांडीवर होती. टोपी एकटी पाठवायला आत्या तयार नव्हती, आणि आजीने स्वतः घातल्याशिवाय मी उतरणारच नाही, असं रोएनने बापाला बजावलं होतं. दोघी एकाच माळेचे मणी. मधे लेलँडचं सँडविच.

त्याने डोकं खाजवलं. "वर वर जात तुला तिथे पोचवलं तर?"

"ते कसं काय?"

"तू बस तर."

आणि ह्या शहाण्याने गाडी खरोखरच वर घातली. नाच एकीकडे, गाडी दुसरीकडे. हॅपी कॅम्प गेलं, वायरीका गेलं, मग मोठा हमरस्ता धरून दक्षिणेला. पाव तासाच्या वाटेसाठी अख्ख्या डोंगररांगेला वळसा. रेडिंगच्या रखरखाटात आत्याने पुडीतला धुरावलेला सामन मासा काढला आणि बाहेर बघितलं.

"ही नदी तर खाली चाललीय."

"ही आपली नाही, आत्या."

"मग जाऊ दे तिला."

दुपार कलली तेव्हा विलो क्रीक आलं. तिथे रस्ता फुटतो. एक फाटा थेट समुद्राकडे, त्या दवाखान्याकडे. आत्याने दाराची कडी धरली. लेलँडच्या मनात आलं नाही असं नाही. आत्या गाडीत आयती बसलेली, आणि दवाखाना आता तासाभराच्या अंतरावर. त्याने गाडी जरा हळू केली. मग दुसऱ्या फाट्याला वळवली.

आत्याने कडी सोडली. "आता ही कुणाची नदी?"

"ट्रिनिटी. हूपा लोकांची."

"त्यांची नदी, त्यांचं ते बघतील," असं म्हणून ती डुलकी काढायला लागली.

विचपेकला आपली क्लॅमथ भेटली आणि तिथून ऑर्लिन्सपर्यंत रस्ता वर, सगळा वर. आत्या ताठ बसली, जशी काही वरात चाललीय. उन्हं उतरताना दोघं पोचले.

"सोम्स बारहून यायला दिवस लागला?" वाटेवर उभ्या असलेल्या लेलँडच्या एका चुलतभावाने विचारलं. "आणि खालच्या अंगाने कसे उगवलात?"

"गप बस रे," आत्या म्हणाली. "मला ह्याने वर आणलंय."

रोएन खाली वाकली. आत्याने टोपी तिच्या डोक्यावर बसवली, नीट केली, पुन्हा नीट केली. पोरीचे डोळे भरले आणि आत्याचेही. मग रोएन नाचासाठी खणलेल्या खळग्याकडे पळाली.

आत्या लेलँडच्या शेजारी बाकावर टेकली. बराच वेळ पोरीकडे बघत राहिली.

"लेल्या, सोमवारी मला त्या दवाखान्यात ने."

लेलँडला आधी खरंच वाटेना. "कुठून नेऊ? वायरीकावरून?"

"डोकं फिरलंय का तुझं? कंबर मोडली माझी. सरळ खालीच ने." तिने त्याचा हात धरला, दुपारी गाडीची कडी धरली होती तसा घट्ट. "पण वर आणशील ते बसवून आण."